अत्तर अंगावर बदलतं ते कातडीमुळे की स्वतःच्या घडणीमुळे?

दरवळ (धागाकर्ता)

"हे अत्तर प्रत्येकाच्या अंगावर वेगळं लागतं, कारण प्रत्येकाच्या कातडीचं रसायनच वेगळं." अत्तराची आवड असलेल्या माणसाने हे वाक्य ऐकलं नाही असं होत नाही. विकणारा ते सांगतो, घेणारा मान डोलावतो, आणि वास का बिघडला याची चौकशी तिथेच थांबते. माझं म्हणणं असं की अत्तर बदलतं ते मुख्यतः त्याच्या स्वतःच्या घडणीमुळे. कातडी त्या बदलाचा वेग कमी-जास्त करते, पण गुलाबाचा केवडा करत नाही.

कुपीतलं तेल म्हणजे एकच एक वास नसतो. त्यात हलके-जड असे पुष्कळ रेणू असतात आणि प्रत्येकाची उडून जायची चाल वेगळी. लिंबूवर्गीय वासातलं लिमोनीन 176 अंश सेल्सिअसला उकळतं, लॅव्हेंडरमधलं लिनालूल 198 ला, चंदनातलं सँटालॉल 300 च्या आसपास. मनगटावर काही उकळत नाही हे खरं, पण आधी कोण निघणार आणि मागे कोण राहणार याचा अंदाज या आकड्यांवरून बांधता येतो. कातडीचा पृष्ठभाग साधारण 32 ते 34 अंशांवर असतो. तेवढ्या उबेला हलके रेणू भराभर निघतात, मधले रेंगाळतात, जड चिकटून राहतात. हलके गेले की उरलेल्या मिश्रणातलं प्रमाण बदलतं आणि आपल्याला वाटतं, अत्तरच बदललं.

चमेलीचं तेल नीट लक्ष देऊन हुंगून बघा. पहिल्या काही मिनिटांत पिकल्या फळासारखा गोडवा येतो, तो बराचसा बेंझिल अ‍ॅसिटेटचा. मग तो ओसरतो, फुलाचा गाभा वर येतो, आणि त्यासोबत एक जडसर, कोंदट, थोडी जनावरासारखी छटा जाणवायला लागते. ते इंडोल. नुसतं, दाट हुंगलं तर नकोसं वाटेल, पण ते काढून टाकलं तर चमेली निर्जीव होते. अनेकजण इथेच म्हणतात, "माझ्या अंगावर चमेली खराब होते." खराब काही होत नाही. इंडोल पहिल्यापासून तिथेच होतं, गोडव्याने झाकलेलं होतं.

हे पडताळायला फार काही लागत नाही. एक थेंब कागदाच्या पट्टीवर, एक मनगटावर. थोड्या थोड्या वेळाने दोन्ही हुंगा. मनगटावरचं पुढे पळेल, कागदावरचं मागून येईल, पण टप्पे बहुतेक तेच.

आणि कातडीच्या 'पीएच'मुळे, म्हणजे आम्लतेच्या मापामुळे, वास बदलतो हे कारण तर मला मुळीच पटत नाही. कातडीचा पीएच साधारण 5 च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी. माणसामाणसांत फरक असतो, पण थोडा. तेलाच्या थरात पाणी जवळपास नाहीच, आणि इतक्या सौम्य आम्लाने काही तासांत सुगंधी रेणू तुटून दुसरे बनतील हे रसायनशास्त्राच्या हिशोबात बसत नाही. ज्यांना वेगळं वाटतं त्यांनी कारणासकट लिहावं.

रानजाई

साफ असहमत. तुमचा कागद मला नकोच, कारण अत्तर कागद लावत नाही, माणूस लावतो.

मी आणि माझी बहीण एकाच कुपीतलं गुलाबाचं तेल लावतो. एकाच वेळी, एकाच खोलीत. तिच्या अंगावर ते मधाळ, भरलेलं, संध्याकाळपर्यंत टिकणारं. माझ्या अंगावर थोड्याच वेळात एक आंबट धार येते, मग वास पातळ होत जातो. कुपी तीच, तेल तेच, हवा तीच. वेगळी काय, तर कातडी. मग कातडी नुसता वेग बदलते हे कसं मानायचं? आंबटपणा वेगातून येतो का?

शिवाय कातडीला स्वतःचा वास असतो. 2012 साली प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातल्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात काही जणांनी काखेत स्वतःच्या पसंतीचं परफ्यूम लावलं आणि संशोधकांनी ठरवून दिलेलंही. नुसती परफ्यूम हुंगली तर दोन्ही सारखीच आवडती होती. पण अंगाच्या वासात मिसळल्यावर माणसाने स्वतः निवडलेलं मिश्रण परक्या नाकांना जास्त सुखद वाटलं. म्हणजे आपण नकळत आपल्या अंगवासाला जुळणारं निवडतो, आणि अंगवास अत्तराशी काहीतरी करतो. हे तुमच्या पट्टीवर कधी दिसणार?

दरवळ

@रानजाई, तो अभ्यास महत्त्वाचा आहे, पण तो काखेचा आहे. काखेत वेगळ्या जातीच्या घर्मग्रंथी असतात, त्यांच्या स्रावावर जिवाणू जगतात आणि त्यातून तीव्र वासाची आम्लं तयार होतात. मनगटावर, गळ्यावर त्या ग्रंथी नाहीत. काखेचा निष्कर्ष मनगटाला लावता येणार नाही.

दुसरं, दोन वास एकत्र येऊन तिसरा भासणं वेगळं आणि एक पदार्थ दुसऱ्याला बदलणं वेगळं. पहिलं मला मान्य आहे. 'कातडीचं रसायन' म्हणणारे दुसऱ्याचा दावा करतात.

बहिणीच्या उदाहरणाबद्दल एक विचारतो, राग मानू नका. तुमच्या मनगटावरचं कोण हुंगतं आणि तिच्या मनगटावरचं कोण?

अणुरेणू

दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे असं म्हणून मी सुटणार नाही, कारण दोघांनीही एक गोष्ट सोडली आहे: तेल.

अल्कोहोलवाल्या परफ्यूममध्ये अल्कोहोल 78 अंशांना उकळणारं, अंगावर पडताच उडायला लागतं आणि हलक्या रेणूंना जोराने हवेत घेऊन जातं. म्हणून पहिला भपका. तेलात ते होत नाही. तिथे वाहक द्रवच जड असतो, मग ते खरं चंदन तेल असो, जोजोबा असो की आयसोप्रोपिल मिरिस्टेटसारखा बिनवासाचा द्रव. सुगंधी रेणू त्यात विरघळलेले असतात आणि वाहक त्यांना धरून ठेवतो. कोणाला किती घट्ट धरायचं हे त्या रेणूवर आणि वाहकावर अवलंबून. त्यामुळे दोन तेलांत सुगंध तोच असूनही वाहक बदलला की उलगडा बदलतो. लोक हा फरक कातडीच्या नावावर टाकतात.

आता कातडीकडे. तिच्यावरही तेलच असतं. त्वचेचा तेलकट स्राव म्हणजे ट्रायग्लिसराइड, मेणासारखी एस्टर, स्क्वालीन वगैरे. तेलकट कातडीवर थेंब टाकला की वाहकात आणखी एक वाहक मिसळला. रेणूंना धरायला जागा वाढली, ते सावकाश सुटतात. कोरड्या कातडीवर ती जागा कमी, शिवाय तेल पातळ पसरतं. म्हणून दरवळ यांचा वेगाचा मुद्दा मला मान्य.

पण 'कातडी काहीच बनवत नाही' हे चूक. स्क्वालीनवर हवेतल्या ओझोनची क्रिया होते आणि त्यातून जेरानिल अ‍ॅसिटोन बनतं. त्वचेवरच्या मेदाम्लांपासून डेकॅनाल बनतं. हे दोन्ही सुगंध उद्योगात वापरले जाणारे पदार्थ आहेत, डेकॅनाल संत्र्याच्या सालीतही असतं. म्हणजे आपली कातडी दिवसभर, अत्यल्प का होईना, सुगंधी रेणू हवेत सोडते. दाट ऊद किंवा कस्तुरीच्या तेलाखाली ते झाकले जातील. हलक्या, पारदर्शक वासात ते मिसळणारच नाहीत असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

त्वचेत एस्टर, म्हणजे बेंझिल अ‍ॅसिटेटसारखे रेणू, तोडणारी एन्झाइम्सही आहेत. मात्र ती काम करतात ते आत शोषल्या गेलेल्या रेणूंवर. आत गेलेला रेणू नाकापर्यंत येत नाही, तेव्हा त्याने वास कमी होईल, नवा येईल असं नाही.

दरवळ

पीएचबद्दल?

अणुरेणू

पीएचबद्दल तुमच्याशी सहमत. ते कारण सोडून द्यावं.

मंदगंधा

सगळे कातडीवर भांडताहेत, नाकाकडे कुणीच बघत नाही. मला तर वाटतं निम्मा वाद तिथेच आहे.

एक, नाक सरावतं. सतत येणारा वास मेंदू बाजूला टाकतो. लावणाऱ्याला वाटतं अत्तर उडालं, शेजारच्याला घमघमाट येत असतो. मग माणूस पुन्हा लावतो, पुन्हा लावतो, आणि लिफ्टमध्ये लोकांना गुदमरायला होतं. तेलाच्या अत्तरात हे जास्त घडतं कारण ते अंगाजवळ राहतं आणि सावकाश सुटतं.

दोन, सगळ्यांची नाकं सारखी नाहीत. गंधग्राहकांच्या, म्हणजे नाकात वास टिपणाऱ्या प्रथिनांच्या, जनुकांचा शोध लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी 1991 मध्ये प्रसिद्ध केला, 2004 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. माणसात असे चालू स्थितीतले ग्राहक साधारण 400 प्रकारचे, आणि त्यांत माणसागणिक फरक. काही कृत्रिम कस्तुरी रेणू तर अनेकांना येतच नाहीत. त्यांच्यासाठी ते अत्तर संपलेलं, बाकीच्यांसाठी ऐन भरात.

आणि रानजाई, हे खास तुमच्यासाठी. बीटा-आयोनोन नावाचा रेणू आहे, व्हायोलेटच्या फुलाच्या वासाचा. गुलाबाच्या तेलात तो नाममात्र असतो, पण वासातला त्याचा वाटा मोठा. 2013 मध्ये दाखवलं गेलं की ओआर5ए1 या एकाच जनुकातल्या फरकाने काहींना तो फुलासारखा सुवासिक लागतो, आणि ज्यांना तो नीट येत नाही त्यांना आंबट, व्हिनेगरसारखा झोंबरा लागतो. सख्ख्या बहिणींतही जनुकाची वेगवेगळी रूपं असू शकतात. तुम्हाला येणारी आंबट धार याच रेणूची आहे असं मी म्हणत नाही. पण दरवळ यांनी विचारलेला प्रश्न टाळू नका. नाकांची अदलाबदल केल्याशिवाय कातडीवर ठपका ठेवता येणार नाही.

काचकुपी

थोडं विषयाच्या कडेने, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. कुपीचं वय कुणी धरलंच नाही. लिमोनीन आणि लिनालूल हवेशी संबंध आला की ऑक्सिडाइझ होतात, त्यांची हायड्रोपेरॉक्साइड नावाची संयुगं बनतात. वास शिळा होतोच, शिवाय कातडीला अ‍ॅलर्जी होण्याची शक्यता वाढते. अर्धी रिकामी कुपी उन्हात, खिडकीत ठेवायची आणि मग "माझ्या अंगाला हे मानवत नाही" म्हणायचं, यात अंगाचा काय दोष?

बर्गमोट या लिंबूवर्गीय फळाचं नैसर्गिक तेल असेल तर आणखी जपा. त्यातल्या बर्गाप्टेन नावाच्या घटकामुळे उन्हात कातडी भाजल्यासारखी होते आणि डाग पडतात. अंगावर राहणाऱ्या उत्पादनांत हे तेल 0.4 टक्क्यांपर्यंतच असावं असं आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेचं, म्हणजे इफ्राचं, बंधन आहे. बर्गाप्टेन काढलेलं तेलही मिळतं, ते विचारून घ्यावं.

रानजाई

अदलाबदल केली. बहिणीला डोळे मिटायला लावले आणि दोन्ही मनगटं आलटून पालटून तिच्या नाकाशी धरली. मग मी तेच केलं, तिने धरली. थोड्या वेळाने पुन्हा, आणि संध्याकाळी एकदा.

मला तिच्या मनगटावरही ती आंबट धार आली. मंदगंधा, हे तुमच्या पारड्यात. पण तिला दोन मनगटं सारखी मुळीच वाटली नाहीत. दुसऱ्यांदा हुंगताना तिने माझं मनगट बिनचूक ओळखलं. "हे पुढे गेलंय, ह्यात फूल राहिलं नाही, नुसतं खोड राहिलंय," असं म्हणाली. तिच्या मनगटावर त्या वेळी गुलाब पूर्ण उमललेला होता. संध्याकाळी मात्र दोघींनाही फरक सांगता आला नाही.

आता दरवळ म्हणतील, बघा, वेगच निघाला. निघू दे. पण वेग म्हणजे किरकोळ गोष्ट आहे असं तुम्ही ज्या सुरात लिहिलंत, त्याला माझा आक्षेप कायम आहे. अत्तर वेळेत उलगडत असेल, तर ज्याच्यावर ते भरभर उलगडतं त्याच्या वाट्याला मधला टप्पा थोडाच येणार. ज्या वेळी आम्ही दोघी माणसांत बसलेल्या असतो त्या वेळी तिच्याकडून गुलाब येतो आणि माझ्याकडून खोड. आजूबाजूच्यांच्या दृष्टीने ती दोन वेगळी अत्तरंच आहेत. याला मी 'अंगावर वेगळं लागणं' म्हणते, आणि म्हणत राहणार.

दरवळ

चाचणी मनापासून केलीत, आभार. वेगामुळे मधला टप्पा आखडतो हे तुम्ही माझ्यापेक्षा नेमकं मांडलंत.

तरी माझा आग्रह सोडत नाही. 'कातडीचं रसायन' म्हटलं की पुढे करण्यासारखं काही उरत नाही, आपल्या नशिबी हा वास नाही म्हणून माणूस कुपी बाजूला ठेवतो. 'लवकर उडतंय' म्हटलं की उपाय सुचतात. विकणाऱ्यानेही तेच सांगावं: कोरड्या कातडीवर याचं फूल लवकर जाईल, आज मनगटावर लावून जा, संध्याकाळी हुंगा आणि मग ठरवा.

रानजाई

संध्याकाळी हुंगून ठरवलं तर दोघींचं सारखंच येणार, आत्ताच तर सांगितलं. ठरवायचं ते मधल्या वेळात हुंगून. आणि स्वतःच्या नाकाने नाही, सोबत असणाऱ्याच्या.

अणुरेणू

रानजाई, एक करून बघाल का? एका मनगटावर आधी बिनवासाचं क्रीम चोळा, ते मुरू द्या, मग दोन्ही मनगटांवर तेच गुलाबाचं तेल लावा. कातडी तुमचीच, नाक बहिणीचं. क्रीमवालं मनगट तिच्यासारखं वागलं तर फरक नुसत्या तेलकटपणाचा. क्रीम लावूनही खोडच आलं, तर दरवळ यांना आणि मला पुन्हा विचार करावा लागेल.

रानजाई

करते. यावेळी तिला कुठल्या मनगटावर क्रीम आहे ते सांगणार नाही.