म्युकर, मधुमेह आणि 'प्रतिकारशक्तीचं इंजेक्शन'

प्रश्न (फिजिशियन, विटा)
मधुमेही पुरुष, ६० किलो. म्युकरची (म्युकरमायकोसिस, बुरशीचा संसर्ग) शस्त्रक्रिया मिरजेत झाली, लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन हे बुरशीविरोधी औषध आमच्याकडे चालू आहे. शुगर २१० च्या आसपास, पण बायकार्बोनेट (कमी म्हणजे रक्तात आम्लता) १४ च्या वर सरकत नाही. गुडघेदुखीसाठी कुठल्याशा पुड्या घ्यायचे. नातेवाईक इंटरफेरॉन नाहीतर पांढऱ्या पेशी वाढवणारं इंजेक्शन द्या म्हणून मागे लागलेत. द्यावं का?

मेडिसिन, मिरज
सर, आधी ॲनियन गॅप (सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेट वजा करून येणारा आकडा) काढा. नॉर्मल असेल तर ॲम्फोटेरिसिनमुळे किडनीकडून आलेली किंवा जास्त सलाईनमुळे झालेली आम्लता असू शकते. वाढलेला असेल तर रक्तातले कीटोन (इन्सुलिन कमी पडल्यावर चरबीतून बनणारी आम्लं) मोजा. लघवीच्या पट्टीवर विसंबू नका, ती बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट हा मुख्य कीटोन पकडत नाही. डापाग्लिफ्लोझिनसारखी (लघवीतून साखर बाहेर टाकणारी) गोळी चालू होती का? तिच्यामुळे शुगर २५० च्या आत असतानाही कीटोन वाढतात.

या आजारात प्रतिकारशक्ती मोडते ती इथेच. आम्लता वाढली की ट्रान्सफेरिनची (रक्तात लोह धरून ठेवणारं प्रथिन) लोहावरची पकड सुटते, आणि मोकळं लोह म्हणजे ऱ्हायझोपसची, म्हणजे म्युकरच्या बुरशीची, चंगळ. त्याच रक्तातले न्यूट्रोफिल (जंतू मारणाऱ्या पांढऱ्या पेशी) बुरशीपर्यंत धड पोचत नाहीत, पोचले तरी नीट मारत नाहीत. पेशी पुरेशा आहेत, लढत नाहीत; मग संख्या वाढवून काय साधणार? जी-सीएसएफ, म्हणजे ते पांढऱ्या पेशी वाढवणारं इंजेक्शन (रोज ५ मायक्रोग्रॅम/किलो), केमोनंतर न्यूट्रोफिल घसरलेल्यांसाठी. इंटरफेरॉन गॅमाचे म्युकरमध्ये तुरळक केस रिपोर्ट आहेत, तेवढंच. तो पैसा ॲम्फोटेरिसिनच्या व्हायलला लागू द्या.

कीटोन निघाले तर इन्सुलिन ताशी ०.१ युनिट/किलो. शुगर उतरली म्हणून ड्रिप बंद करायची नाही. ५ टक्के डेक्स्ट्रोज जोडून गॅप मिटेपर्यंत चालवायची. पोटॅशियम ३.५ च्या खाली असेल तर आधी ते भरा, कारण इन्सुलिन आणि ॲम्फोटेरिसिन दोघंही ते खाली ओढतात. मॅग्नेशियम कमी असेल तर दिलेलं पोटॅशियम टिकत नाही.

लोहाची इंजेक्शनं तूर्त थांबवा. लोह बांधायला डेफरॉक्सामिन तर नकोच, बुरशी त्यातूनच लोह उचलते. लोह बांधणारंच दुसरं औषध डेफेरासिरॉक्स, त्याच्या म्युकरमधल्या २०१२ च्या चाचणीत औषध घेतलेल्या गटातच मृत्यू जास्त झाले.

एंडोक्राइन, सांगली
पुड्यांकडे दुर्लक्ष नको. अशा पुड्यांत डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड निघतं. त्याने मॅक्रोफेज (बुरशी गिळणाऱ्या पेशी) दबतात आणि शुगरही चढते. पण एकदम तोडलं तर ॲड्रिनल ग्रंथी (शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड, कॉर्टिसॉल, बनवणारी) साथ देत नाही. सकाळी ८ चं कॉर्टिसॉल पाठवा, तेही हायड्रोकॉर्टिसोन देण्याआधी. बीपी पडत असेल तर मात्र रिपोर्टची वाट न पाहता हायड्रोकॉर्टिसोन द्या.

फार्मसिस्ट, सांगली
मधुमेही आहे म्हणून वॉर्डात कुणी ॲम्फोटेरिसिन सलाईनमध्ये मिसळत नाही ना, ते बघा. साका बसतो. ५ मिलिग्रॅम/किलोने ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या ६ व्हायल. प्रत्येकीत १२ मिली स्टराइल वॉटर, ३० सेकंद जोरात हलवा. होतं साधारण ७५ मिली. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या २५० मिली बाटलीतून तेवढंच आधी काढून टाका आणि ५ मायक्रॉन फिल्टरमधून हे सोडा. साखर जाते जेमतेम ९ ग्रॅम, ती इन्सुलिनने सांभाळता येते. किडनी जपण्यासाठीचं सलाईन आधी द्या, मग लाइन डेक्स्ट्रोजने धुऊन औषध लावा.

फिजिशियन, विटा
गॅप १९, म्हणजे वाढलेला. डापाग्लिफ्लोझिन शस्त्रक्रियेच्या दिवसापर्यंत चालू होती.

मेडिसिन, मिरज
मग कीटोनचा रिपोर्ट येईपर्यंत थांबू नका. पोटॅशियम बघून ड्रिप लावा आणि डेक्स्ट्रोज पहिल्या तासापासूनच जोडा, शुगर २१० च आहे. ती गोळी पुन्हा सुरू करायची नाही, डिस्चार्ज कार्डावर ठळक लिहा.