टोळी निष्ठेवर चालते की पोटावर? (उमाजी, फडके, तंट्या वगैरे)

खडकमाळकर
गेल्या आठवड्यात पुण्यात मामलेदार कचेरीत काम होतं, नंबर यायला वेळ होता म्हणून आवारात इंग्रजांविरुद्ध बंड केलेल्या उमाजी नाईकांच्या स्मारकापाशी जाऊन बसलो. 3 फेब्रुवारी 1832 ला इथेच फाशी दिली त्यांना. माझ्या शेजारी दोन पोरं बसलेली, त्यातला एक दुसऱ्याला सांगत होता, "अरे यांना यांच्याच माणसांनी पकडून दिलं, नाहीतर इंग्रजांच्या बापाला सापडले नसते." दुसऱ्याने नेहमीप्रमाणे फितुरांना दोन शिव्या हासडल्या.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. बंडवाल्या नायकाची कुठलीही गोष्ट घ्या, साचा तोच. नायक शूर, साथीदार जिवाला जीव देणारे, आणि शेवटी एकच कोणतरी हरामखोर निघतो. मला हे पटत नाही. माझं म्हणणं, टोळी पोटावर चालते. निष्ठाबिष्ठा नंतर पोवाड्यात येते.

रॉबिन हूडचंच बघा. त्याच्यावर एक जुनी लांबलचक इंग्रजी कथाकविता आहे, 500 वर्षांपूर्वी छापलेली. त्यात राजा त्याला माफ करून दरबारात ठेवतो. तिथे राहून रॉबिनचे शंभर पौंड आणि वर माणसांचा पगार असं सगळं संपतं, आणि वर्षभरात त्याच्याजवळ उरतात फक्त दोन जण, लिटल जॉन आणि स्कॅथलॉक. बाकीची पलटण गेली की कामधंदा शोधायला! आणि हे त्याची स्तुती करणाऱ्या कवितेतच आहे बरं का, कोणा शत्रूने लिहिलेलं नाही.

आपल्याकडे वासुदेव बळवंत फडके. लष्कराच्या हिशेबखात्यातला कारकून माणूस, 76-77 चा दुष्काळ बघून पेटला, रामोशी गोळा केले, फेब्रुवारी 1879 मधे शिरूरकडे धामारीला पहिला दरोडा घातला आणि हाती काय लागलं तर जेमतेम चारशे रुपये. आता चारशे रुपयात किती दिवस माणसं पोसणार? फडक्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की यांचं लक्ष लुटीच्या वाट्यावर, देशाचं काही पडलेलं नाही. म्हणजे खुद्द नायकाची तक्रार आहे, मी कोण सांगणारा.

भीमाकाठचा
अर्धवट सांगून मोकळे झालात. त्याच कवितेत पुढे काय होतं ते का नाही सांगितलं? रॉबिन दरबार सोडून रानात परत येतो, शिंग फुंकतो आणि सात विसा म्हणजे 140 गडी येऊन रांगेत उभे राहतात. तेव्हा त्याच्या खिशात दमडी नव्हती. आता हे कुठल्या पगारावर आले? आणि शेवटी त्याचा घात करते ती मठातली नात्यातली बाई, टोळीतलं कोणी नाही.

फडक्यांचंही तेच. त्यांचा साथीदार दौलतराव नाईक कुठे गेला तुमच्या लिस्टमधून? मे 79 मधे पळस्पे आणि चिखलीवर त्याने धाड घातली, दीड लाखाच्या आसपास ऐवज मिळाला. पोटासाठीच आलेला असता तर तिथूनच कोकणात कुठेतरी गायब झाला असता, दीड लाख म्हणजे त्या काळात सात पिढ्या बसून खातील. तो माल घेऊन परत घाट चढत होता. इंग्रजांच्या मेजर डॅनियलच्या लोकांनी गाठून गोळी घातली. हा पोटार्थी?

जुनी_वही
+1 भीमाकाठचा.
आणि तिकडे मध्य प्रदेशातला बंडखोर तंट्या भिल्ल. 1878 ला खंडव्याच्या तुरुंगातून पळाला तो 1889 पर्यंत हाताला लागला नाही. अकरा वर्षं! त्या अकरा वर्षात निमाडातल्या कितीतरी पाड्यांवर त्याला भाकरी मिळाली असेल, कोणी ना कोणी रात्री दार उघडलं असेल. त्यातल्या एकेकाला बक्षिसाचा मोह झाला असता तर तो अकरा महिनेही टिकला नसता. पकडून दिलं ते मानलेल्या बहिणीच्या नवऱ्याने, गणपतने, तेही राखीला घरी बोलावून. 4 डिसेंबर 1889 ला जबलपूरला फाशी. फितूर एक आणि गप्प राहिलेले हजारो, हा हिशोब कधी कोणी मांडत नाही. इंदूरजवळ पातालपाणीला अजून लोक त्याला मामा म्हणून हात जोडतात.

सरळमार्गी
दुसरी बाजू कोणीच बोलत नाहीये म्हणून लिहितो. आमच्या मूळ गावात आमचं घर सावकाराचं. दरोडा पडला म्हणजे नक्की काय झालं हे घरात पिढ्यानपिढ्या सांगत आलेत. पलिते घेऊन आले, पुरुषांना खांबाला बांधलं, आजीच्या आजीने नथ स्वतःच्या हाताने काढून दिली कारण ओढली असती तर नाक फाटलं असतं. कोणाची टोळी होती कुणाला माहीत नाही, नाव नाईकांचं घेतात. तुम्ही सगळे निष्ठा की पगार करत बसलात, ज्याच्या दारात येतात त्याला दोन्ही सारखंच. व्याज जास्त घेत असतील आमचे लोक, नाही म्हणत नाही. पण उमाजी वाटेवरच्या माणसाकडूनही वसुली करायचा हेही खरंय, ते का गाळता?

टवाळ
व्याज "जास्त घेत असतील" 😂 असतील??

भीमाकाठचा
सरळमार्गी, नथेचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण ज्या कुळाची जमीन खतावर अंगठा घेऊन गेली त्याच्या आजीच्या आजीची नथ तुमच्याच माजघरात असेल कुठेतरी.

सरळमार्गी
असेल. म्हणून माझ्या घरातल्या बाईने भोगायचं का?

कऱ्हेपठार
मी शक्यतो अशा धाग्यावर लिहीत नाही पण आता राहवत नाही. मी रामोशी समाजातला, गाव पुरंदर तालुक्यात, उमाजी नाईकांच्या भिवडीपासून फार लांब नाही.

धागाकर्त्याला विचारायचंय, पोट आणि निष्ठा हे दोन वेगळे कप्पे तुम्ही केले कुठून? आमच्या लोकांकडे पुरंदरची राखण होती. गडाची राखण करायची, गावाची जागल करायची, त्याबदल्यात वतन, धान्य. म्हणजे भाकरी देईल त्याच्यासाठी जीव द्यायचा, हीच निष्ठा, हाच धंदा आणि हाच धर्म. पेशवाईच्या अखेरीला आणि मग इंग्रजात हे सगळं गेलं. मधे एकदा इंग्रजांनी उमाजी नाईकांना माफी देऊन पगारावर बंदोबस्ताच्या कामाला ठेवलं होतं, तुमच्या रॉबिनला राजाने ठेवलं तसंच. तिथेही मन रमलं नाही, परत डोंगर धरला. कारण पगार मिळाला तरी मान मिळत नव्हता.

आणि टोळीत शिरायचं म्हणजे पगारपत्रकावर सही नसायची, बेलभंडार उचलायला लागायचा. खंडोबाची आण. ज्याने कधी जेजुरीला जाऊन हातात भंडारा धरून शब्द दिला नाही त्याला नाही कळायचं ते. म्हणूनच काळू आणि नाना यांनी नाईकांना धरून दिलं ते आमच्याकडे अजून बोचतं. पण त्यांच्यापुढे होतं काय ते पण बघा, दहा हजार रुपये आणि चारशे बिघे जमीन. ज्याची जमीन गेलीय त्याच्यापुढे जमीनच टाकली. इंग्रज मूर्ख नव्हता.

फडक्यांच्या तक्रारीचं म्हणाल तर, माणूस मोठा, वाद नाही, एडनच्या तुरुंगात मेले. पण ते उठले तेव्हा त्यांना देश दिसत होता आणि आमच्या माणसाला घरी रिकामी कणगी दिसत होती. दुष्काळात मागितला वाटा तर लगेच लोभी. लिहिता येणाऱ्याची तक्रार कागदावर राहिली, आमच्यातल्या कोणी वही लिहिली असती तर त्यात फडक्यांबद्दल पण दोन ओळी आल्या असत्या.

आणि नायक गेल्यावर टोळीवाल्यांचं काय झालं हा खरा विषय आहे. आख्खी जमातच जन्मजात गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमाती कायदा 1871 चा, 1911 नंतर मुंबई इलाख्यात लागला. माझ्या पणजोबांनी दरोडा काय, कधी कुणाची कोंबडीसुद्धा उचलली नाही तरी चावडीवर हजेरी. मुलीच्या सासरी मुक्कामाला जायचं तर आधी पाटलाला सांगायचं. 1952 ला सुटलं ते. रॉबिन हूडच्या माणसांच्या नातवंडांना लावलेली का हो कोणी हजेरी?

जुनी_वही
🙏

खडकमाळकर
कऱ्हेपठार, बेलभंडाराचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता, आणि फडक्यांची तक्रार मी सरळ पुरावा म्हणून टाकली ती घाई झाली, मान्य. दौलतरावांचंही मान्य, तिथे माझं गणित बसत नाही. पण मूळ म्हणणं मी पूर्ण सोडत नाहीये. उलट तुमच्याच पोस्टवरून दिसतंय की भाकरी तुटली की शब्द पण ताणला जातो. फक्त मी ते हिणवल्यासारखं लिहिलं, तसं नव्हतं म्हणायचं. काळू-नानाला शिव्या घालणाऱ्या त्या पोरांना मला एवढंच सांगायचं होतं की चारशे बिघे तुझ्यापुढे ठेवले तर तू काय करशील ते आधी बोल.

टवाळ
मी तर दोन गुंठ्यात विकला जाईन

भीमाकाठचा
टवाळ तुला दोन गुंठे देणार कोण 😄
पण धागाकर्ते, तुम्ही अजूनही फितुरांचीच बाजू समजून घेताय. जे शेवटपर्यंत राहिले त्यांची कोण समजून घेणार?

कऱ्हेपठार
हेच लिहायला परत आलो होतो. एवढा धागा झाला, काळू-नानाचं नाव दोनदा आलं. त्या दिवशी त्याच जागी नाईकांबरोबर आणखी दोघांना फाशी झाली. खुशाबा नाईक आणि बापू सोळकर. एकानेही नाव घेतलं नाही.

खडकमाळकर
खरंच माहीत नव्हतं. कागदावर एक सही राहिलीय म्हणून सोमवारी परत कचेरीत जायचंय, तेव्हा बघतो तिथे त्या दोघांची नावं कुठे लिहिलीयत का.