वायसर बदलला तरी नळ ठिबकतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

स्वयंपाकघरातला 1/2 इंची पितळी नळ, जुन्या पद्धतीचा, फिरवून बंद करायचा. घट्ट बंद केला तरी थेंब थेंब गळत होता. एवढ्याशा कामाला कुणाला बोलवायचं नाही, स्वतःच शिकायचं असं ठरवलं.

मेन कॉक बंद केला, नळ उघडून पाइपातलं पाणी जाऊ दिलं, सिंकच्या जाळीवर फडकं पसरलं (बारीक स्क्रू आत गेला की संपलंच) आणि पान्याने स्पिंडल (मुठीसोबत फिरणारा नळाचा दांडा) बाहेर काढला. खालचा रबरी वायसर कडक झाला होता, त्यावर गोल खाच पडलेली. त्याच मापाचा नवा बसवला. दोन दिवस थेंबही नाही, आणि आता पुन्हा तेच!

वायसर ज्या कडेवर टेकतो ती आतली पितळी सीट झिजली असावी, असं मला वाटतं. बोट फिरवलं की एका जागी खरखरीत लागतं. जोर लावून नळ आवळला तर थेंब थांबतो, पण तसं रोज केलं तर नवा रबरही लवकर कापला जाईल.

ती सीट घरच्या घरी बारीक पॉलिश पेपरने सपाट करता येते का? की त्यासाठीचं हत्यारच लागतं? घासताना जास्त झिजेल याची भीती वाटते.

शिवाय नळ उघडा असताना दांड्याच्या मुळाशीही थोडं पाणी झिरपतं. तिथे टेफ्लॉन टेप पिळून, दोरीसारखी करून गुंडाळतात ना? किती वेढे द्यावेत? स्वतः हे काम केलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.