काउंटी बोर्डाला उभं राहायचंय, सुरुवात कुठून?

प्रश्न: मंडळी, आमच्याकडे काउंटी बोर्डाची, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारख्या मंडळाची, एक जागा रिकामी होतेय. मी अमेरिकेची नागरिक आहे, पक्षाबिक्षाशी संबंध नाही. तुंबणाऱ्या गटारांसाठी बोर्डाच्या बैठकीत उभी राहून तीन मिनिटं बोलते, ते माना डोलावतात आणि पुढचा विषय घेतात. म्हटलं, टेबलाच्या त्या बाजूलाच बसावं! एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावरचे मित्र वर्गणी द्यायला तयार आहेत. घेऊ का?

प्रतिसाद: अजिबात नाही. नागरिक किंवा ग्रीन कार्डवाले सोडून कुणाचा एक डॉलरही चालत नाही. कायदा केंद्राचा, पण काउंटीच्या निवडणुकीलाही लागू. हां, बिनपगारी काम ते करू शकतात. आणि पत्रकं मेलबॉक्समध्ये टाकू नका, बिनतिकिटाचं काही त्यात टाकणं गुन्हा आहे. दाराच्या मुठीला अडकवा.

प्रतिसाद: ताई, आधी काउंटीच्या निवडणूक कार्यालयात जा. उमेदवारीसाठी कुठे फी लागते, कुठे मतदारांच्या सह्या. राज्यागणिक नियम वेगळे. सह्या लागत असतील तर भरपूर जास्त घ्या. मतदारयादीत नसलेल्याची सही बाद होते. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात कागद फिरवलात तर निम्मे लोक शेजारच्या काउंटीतले निघतील, वर सगळे हौसेने सही करतील!

प्रश्नकर्ती: बरं, मग मित्रांना दारोदार पिटाळते. खजिनदार लागतो का? नवरा तयार आहे.

प्रतिसाद: अनेक राज्यांत लागतो, बँकेत वेगळं खातंही. नवरा पावत्या जपून ठेवतो का, ते आधी बघा.