पाऊस 10 टक्के घटला तर नदी किती घटेल?
पाऊस 10 टक्के घटला की नदीचा प्रवाहही 10 टक्केच घटेल, असं सरळ गणित मांडलं जातं; ते मला पटत नाही. समजा, 1000 मिमी पावसातले 700 मिमी बाष्प होऊन जातात, 300 नदीला मिळतात. पाऊस 900 वर आला तरी माती आणि झाडं आपला वाटा सहज सोडत नाहीत. बाष्पीभवन 660 राहिलं, तर नदीला उरले 240. म्हणजे घट थेट 20 टक्के! पावसाच्या घटीच्या किती पट प्रवाह घटतो, तो गुणक इथे 2 आला; कोरड्या खोऱ्यांत तो बहुधा आणखी मोठा असतो.

शिवाय जुन्या नोंदींवरून काढलेला गुणक पुढेही टिकेल, हे गृहीत धरणं मला धोक्याचं वाटतं. आग्नेय ऑस्ट्रेलियात 1997 ते 2009च्या दीर्घ दुष्काळात अनेक नद्या पावसाच्या घटीवरून बांधलेल्या अंदाजापेक्षाही जास्त आटल्या.