धाकट्या भावाला सीएमएल (रक्ताचा एक कॅन्सर), मदत हवी आहे
नमस्कार, बेळगावच्या खानापूर तालुक्यातून लिहितोय. भाऊ २३ वर्षांचा. ना ताप, ना थकवा. यंदाची भातरोपणी त्यानंच ओढली. नोकरीच्या मेडिकलमध्ये पांढऱ्या पेशी खूपच वाढलेल्या, १,२०,००० निघाल्या. पुढे बीसीआर-एबीएल, म्हणजे या आजाराची खूण असलेला जनुक, पॉझिटिव्ह. इमॅटिनिब ४०० मिलिग्रॅम रोज सुरू झालंय. गोळी न चुकवता घेतली तर वर्षानुवर्षं नीट जगता येतं, असं डॉक्टर सांगतात. पण आईनं 'कॅन्सर' एवढंच ऐकलंय, त्याला शेतात पाय ठेवू देत नाही.

दर तीन महिन्यांच्या पीसीआरचा (रक्तात तो जनुक किती उरलाय ते मोजणाऱ्या तपासणीचा) खर्च जड जाणार आहे. ८६५ सीमागावांसाठीच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून कुणी यावर उपचार घेतलेत का? कागद कुठले लागले?

आणि हीच गोळी घेणारं कुणी आईशी फोनवर दोन शब्द बोलाल का? आमच्यापेक्षा तुमचं ती ऐकेल.