फेसलिफ्टबद्दल सल्ला हवाय (पुणे)

कोथरूडची_वरमाय
नमस्कार मंडळी. वय ५८. लेकाचं लग्न डिसेंबरात आहे. गाल खाली उतरलेत, हनुवटीखालची कातडी लोंबते. डॉक्टरांनी फेसलिफ्ट सुचवलंय. दिवाळी उरकली की करून घ्यावं, असा बेत आहे. किती दुखतं? घरात किती बसावं लागतं? डोळ्यांखालच्या पिशव्या आणि ओठांवरच्या बारीक रेघाही जातील ना? "या वयात कशाला" हे नवऱ्याने आणि नणंदेने सांगून झालंय, तेवढं सोडून बोला.

पेठेतला_पाहुणा
तेच लिहायला आलो होतो. परत जातो.

बाणेरची_मीरा
ताई, मी दोन वर्षांपूर्वी केलंय. आधी बेत बदला. दिवाळीनंतर केलंत तर लग्नात चेहरा सुजलेला दिसेल. गणपती गेले की लगेच करा. पितृपक्षात नाहीतरी खरेदी निघत नाही, आणि पाहुणेही कमी.

दुखण्याचं म्हणाल तर मला वाटलं होतं त्यापेक्षा बरंच कमी होतं. त्रास झाला तो ताणाचा. जांभई द्यायची चोरी, मान वळवायची तर अख्खं अंग वळवायचं. पहिले काही दिवस आरशात बघूच नका. एक गाल जास्त सुजलेला, जांभळा डाग उतरत उतरत गळ्यापर्यंत आलेला, आणि आपण उशांवर डोकं उंच करून उताणं पडलेल्या. नवरा म्हणाला, "आधीच बरी होतीस." तिसऱ्या आठवड्यात त्याचंच मत बदललं.

कानाची पाळी मात्र कित्येक महिने बधिर होती. कुडी घातलीय की नाही, हात लावून बघावं लागे. आणि स्कूटर विसरा! हेल्मेट बरोबर टाक्यांवरच दाबतं. डॉक्टर हो म्हणेपर्यंत रिक्षा.

ओटी_सिस्टर
ऑपरेशन थिएटरमध्ये बरीच वर्षं काढलीत, म्हणून थोडं खुलाशाने लिहिते.

फेसलिफ्ट गालाचा खालचा भाग, जबड्याची कड आणि मान यांच्यासाठी असतं. डोळ्यांखालच्या पिशव्यांचं ऑपरेशन वेगळं, ते सोबत करता येतं. ओठांवरच्या रेघा ओढून जात नाहीत, त्यांना लेझर किंवा पील (औषध लावून वरची कातडी सोलणं) यांसारखे उपाय लागतात. छेद कानशिलाच्या केसांतून कानापुढून खाली येतो आणि पाळीला वळसा घालून मागे केसांत जातो. भूल पूर्ण किंवा गुंगीची, वेळ साधारण तीन ते पाच तास. कानामागे बारीक नळ्या ठेवल्या तर बहुधा एकदोन दिवसांत काढतात, टाके पाच ते दहा दिवसांत.

सगळ्यात सांभाळायची ती पहिली रात्र. कातडीखाली रक्त साठून गाठ होणं हा या ऑपरेशनचा नेहमीचा धोका, आणि ती बहुतेक वेळा पहिल्या चोवीस तासांतच होते. एकच बाजू अचानक टणक फुगली, ठणकायला लागली तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजता का होईना, फोन करायचा. म्हणून रात्री जागं राहणारं माणूस घरात हवं. बीपी आहे का तुम्हाला? असेल तर ते आटोक्यात आल्याशिवाय टेबलावर जाऊच नका. अ‍ॅस्पिरिन, ब्रुफेन, फिश ऑइल, व्हिटॅमिन ई, लसणाच्या गोळ्या, जे काही घेता ते डॉक्टरांना सांगा. मनाने बंदही करू नका. तंबाखूची मिश्री लावत असाल तर तेही सांगा, बायका हे हमखास लपवतात. निकोटिनने कातडीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि कानामागची कातडी काळी पडून मरू शकते. निदान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर पूर्ण बंद.

चेहरा हलवणाऱ्या मज्जातंतूला कायमची इजा क्वचित होते, पण होते. सही करण्याआधी त्याबद्दल विचाराच.

पेठेतला_पाहुणा
परत आलो. नुसती कातडी ओढायची पद्धत जुनी. कातडीखाली एसएमएएस म्हणून थर असतो, त्याचं वर्णन मिट्झ आणि पेरोनी या फ्रेंच डॉक्टरांनी १९७६ साली केलं. आता बहुतेक सर्जन तो थर उचलतात, त्यामुळे कातडीवर ताण कमी येतो. "तुम्ही काय करता?" असं विचारून बघा, उत्तरावरून माणूस कळतो. आणि नावापुढे प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी (आताची डीआरएनबी) पदवी हवी. "कॉस्मेटिक एक्स्पर्ट" अशी पाटी कोणीही लावतं.

कोथरूडची_वरमाय
मिश्री नाही हो! बीपीची गोळी मात्र चालू आहे. मेडिक्लेममध्ये बसतं का? आणि एकीने दोरे घालून लिफ्ट करतात म्हणून सांगितलं, दुपारी जाऊन संध्याकाळी घरी.

बाणेरची_मीरा
मेडिक्लेम विसरा. सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेला विमा मिळत नाही, वर १८ टक्के जीएसटी. सर्जनची फी, भूल, हॉस्पिटल आणि कर असा वेगवेगळा आकडा लेखी मागा, फोनवरच्या एका रकमेवर जाऊ नका. दोऱ्यांचा परिणाम थोडा आणि तात्पुरता, लोंबत्या मानेला तर फारसा उपयोग नाही. फेसलिफ्ट साधारण सात ते दहा वर्षं पुरतं. वय मात्र पुढे चालूच राहतं.

ओटी_सिस्टर
बीपीची गोळी ऑपरेशनच्या दिवशी घ्यायची का, ते भूलतज्ज्ञांना विचारा. आपल्या रंगाच्या कातडीवर व्रण जाड होण्याची, काळा पडण्याची शक्यता जास्त, तेव्हा आधीची एखादी जखम तशी भरली असेल तर सांगा. व्रणांवर ऊन नको.

कोथरूडची_वरमाय
गणपतीनंतरची वेळ मागते. आणि केसांना डाय?

ओटी_सिस्टर
ऑपरेशनच्या आधल्या आठवड्यात लावून घ्या. नंतर चारसहा आठवडे नाही.